समुद्रावरच्या बर्फाखाली आवाजाचे काय होते?

लादीवाला, भुसावळ

सर्व जाणकारांना नमस्कार.

भुसावळजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. आजोबांच्या काळापासूनची पद्धत आजही तशीच चालू आहे. शून्याखाली आठ-दहा अंशांवर ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे कॅन सोडायचे, दीड-दोन दिवस गोठू द्यायचे, आणि मग कॅन वर काढून साध्या पाण्याच्या हौदात बुडवायचा, म्हणजे लादी कडेने सुटते. उन्हाळ्यात हौदातले पाणी कोमट असते आणि कॅन त्यात उतरला की आतून तड, तडतड असे आवाज सुरू होतात. लोखंडी पहारीचे एक टोक हौदात बुडवून दुसरे टोक कानामागच्या हाडाला टेकवले, तर हवेत जे मुळीच ऐकू येत नाहीत असे कितीतरी बारीक आवाज पाण्यातून येत असल्याचे कळते. ही युक्ती आजोबांनी मला आठव्या-नवव्या वर्षी दाखवली होती, आणि गेल्या आठवड्यात मी ती माझ्या मुलीला दाखवली. ती अकरावीला विज्ञान शाखेत आहे. पहार कानाला लावून ती बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, की आपल्या हौदात बर्फ पाण्याच्या आत आहे, पण उत्तर ध्रुवाकडे तर समुद्राचे पाणीच बर्फाच्या खाली आहे. तिथे पाण्यातला आवाज वर जाऊन बर्फाला धडकला की पुढे त्याचे काय होते?

मला उत्तर देता आले नाही. बर्फ आवाज अडवतो, परत पाठवतो की गिळून टाकतो, हे कोणी समजावून सांगितले तर आम्ही दोघेही आभारी राहू.

याच्याशी जोडलेल्या आणखी दोन शंका आहेत. आमच्या लादीत कडेचा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो आणि मधला गाभा पांढरा व चवीला किंचित मचूळ असतो, कारण पाण्यातले क्षार आणि हवा गोठताना आत-आत ढकलली जाते. समुद्राचे पाणी तर मुळातच खारे आहे. ते गोठताना मीठ कुठे जाते, आणि त्याचा आवाजावर परिणाम होतो का? दुसरी शंका अशी, की १९९७ साली पॅसिफिक महासागरात 'ब्लूप' नावाचा एक अनाकलनीय आवाज नोंदला गेला आणि पुढे तो बर्फाचा निघाला, असे मुलीने वाचले आहे. बर्फ तडकल्याचा आवाज हजारो किलोमीटर जातो, हे मला आमच्या हौदाच्या अनुभवावरून पटत नाही.

भौतिकी शिक्षक, अमळनेर

लादीवाले भाऊ, आपल्या मुलीने प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. मात्र त्याचे उत्तर बर्फापासून सुरू न करता पाण्यापासून सुरू करावे लागेल, कारण आवाज बर्फाला किती वेळा धडकणार हे आधी पाणी ठरवते.

डिसेंबर-जानेवारीत केळीच्या बागांना चरका बसेल अशी थंडी पडते, त्या रात्री भुसावळ यार्डातल्या इंजिनाची शिटी तापीपलीकडच्या गावांत, शेताच्या बांधावर उभे राहून स्पष्ट ऐकू येते, हे आपल्या भागातल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. भर दुपारी तीच शिटी तिथे पोहोचत नाही. याचे कारण असे, की ध्वनितरंग नेहमी त्या बाजूला वाकतात जिकडे त्यांचा वेग कमी असतो. हवेत थंड थरात वेग कमी असतो. रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत थंड असल्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकून जमिनीकडे येतो, तिथून उसळतो, पुन्हा वाकतो आणि असे करत लांबवर जातो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून तो वर वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातो.

हेच चित्र उलटे करून पाहा, म्हणजे आर्क्टिक समुद्र डोळ्यांपुढे येईल. पाण्यातही तापमान वाढले की ध्वनीचा वेग वाढतो. शिवाय क्षारता वाढली तरी वाढतो आणि खोलीबरोबर दाब वाढला तरी वाढतो. केवळ दाबामुळे दर १,००० मीटर खोलीला वेगात सेकंदाला १६-१७ मीटरची भर पडते. आपल्या अरबी समुद्रात पृष्ठभागाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. आर्क्टिकमध्ये बर्फाला टेकलेले पाणी उणे १.७ अंशांच्या आसपास आणि कमी खारे असते, म्हणून तिथे वेग सुमारे १,४४० मीटरच भरतो. त्याखाली अटलांटिक महासागराकडून आलेले जरा उबदार आणि अधिक खारे पाणी आहे, आणि आणखी खाली दाब वाढतच जातो. म्हणजे सर्वांत कमी वेगाचा थर नेमका बर्फाखाली आहे. परिणामी, पाण्यात कुठेही आवाज झाला तरी तो वर वाकतो, बर्फाच्या तळाला धडकतो, खाली जातो, पुन्हा वाकून वर येतो. शंभर-दोनशे किलोमीटरच्या प्रवासात त्याला बर्फाच्या तळाशी कितीतरी वेळा गाठ घ्यावी लागते, आणि दर वेळी त्याची काही ऊर्जा तिथे खर्च होते. यामुळेच तिथे बर्फाचा तळ इतका महत्त्वाचा ठरतो.

आता धडकल्यावर काय होते ते पाहू. मोकळ्या समुद्रात वर हवा असते. पाणी आणि हवा यांचा ध्वनीला होणारा विरोध इतका वेगळा आहे (सुमारे साडेतीन हजार पटींचा फरक) की जवळजवळ सर्व ध्वनी आरशावरून प्रकाश परतावा तसा खाली परततो. बर्फ आणि पाणी यांच्यात मात्र हा फरक जेमतेम दुपटीचा आहे. सागरी बर्फात ध्वनीचा वेग सेकंदाला ३,५०० मीटरच्या आसपास असतो, घनता पाण्याहून थोडी कमी. हिशेब केला तर जाड बर्फावर सरळ खालून आदळलेल्या ध्वनीच्या ऊर्जेचा फक्त सातवा-आठवा भाग तळावरून परततो आणि बाकीचा बर्फात शिरतो. म्हणजे 'बर्फ आवाज अडवतो' ही आपली सहज कल्पना येथे टिकत नाही. आत शिरलेला आवाज वरच्या टोकाला हवेशी पोहोचला की तिथून परततो.

तिरप्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तीच अधिक रंजक वाटते. बर्फ हा घन पदार्थ असल्यामुळे त्यात दोन प्रकारच्या लहरी चालतात. एक पाण्यातल्यासारखी दाबाची, आणि दुसरी बाजूला हलवणारी, जी द्रवात चालूच शकत नाही. या दुसरीचा वेग सेकंदाला सुमारे १,७५० मीटर असतो. अगदी आडवा, तळाला घासून जाणारा आवाज बर्फात शिरू शकत नाही आणि पूर्णपणे परततो. उभ्याला थोडा तिरपा असलेला आवाज आत शिरतो. या दोन्हींच्या मधल्या कोनांवर येणारा आवाज मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकारच्या लहरीत रूपांतरित होतो आणि ती बर्फात लवकर विरते. लांबचा प्रवास करणारे तरंग बहुतेक आडवेच असतात, म्हणून तळ सपाट असता तर बर्फाखालून आवाज फारसा न झिजता गेला असता.

तळ सपाट नसतो, हीच सगळी अडचण आहे. आणि खडबडीतपणा कोणाला किती जाणवतो हे तरंगलांबीवर अवलंबून असते. २० हर्ट्झच्या अतिशय घोगऱ्या आवाजाची तरंगलांबी तिथल्या पाण्यात ७२ मीटर, १,००० हर्ट्झची साधारण दीड मीटर, आणि १०,००० हर्ट्झची फक्त १४ सेंटिमीटर. दोन मीटर जाडीचा बर्फ ७२ मीटरच्या तरंगाला जणू कळतच नाही; तो त्यातून जाऊन वरच्या हवेवरूनच परत फिरतो. दीड मीटरच्या तरंगाला मात्र तळाचा प्रत्येक उंचवटा आडवा येतो आणि तो चहूकडे विखुरला जातो.

सोनारवाला, शिरपूर

अमळनेरच्या सरांनी पाया नीट घातला आहे. मी नौदलात सोनारवर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्रावर, काम करून निवृत्त झालो. माझी सर्व सेवा उबदार पाण्यात झाली, बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण प्रशिक्षणात बर्फाखालचे सोनार हा विषय आम्हाला शिकवला होता आणि तेव्हापासून मी त्याविषयी वाचत आलो आहे.

सरांनी सांगितलेला वाकण्याचा नियम आम्ही अरबी समुद्रात रोज भोगत असू. सकाळी सोनार ठीक चालतो, पण दुपारी वरचे काही मीटर पाणी उन्हाने तापले की जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारचा आवाज खालच्या थंड पाण्याकडे वाकतो, आणि फार दूर नसलेली पाणबुडीही छायेत राहते. एकाच जागी, त्याच यंत्रावर, सकाळी मिळालेला प्रतिध्वनी दुपारी नाहीसा झालेला मी पाहिला आहे. पहिल्यांदा मला यंत्र बिघडले असे वाटले होते आणि मी सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या होत्या. आर्क्टिकमध्ये आवाज उलट दिशेने, वर वाकतो, एवढाच फरक.

आता तळाविषयी. सागरी बर्फ म्हणजे एकसंध पत्रा नव्हे. वारा आणि प्रवाह बर्फाचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर रेटतात, कडा मोडतात आणि तुकड्यांच्या राशी होतात. वर दिसणारी रास माणसाच्या उंचीची असेल, तर पाण्याखाली तिचा भाग त्याच्या कितीतरी पट खोल गेलेला असतो. नावेच्या तळाला कणा असतो तसा हा बर्फाचा कणा. सपाट बर्फ एका हिवाळ्यात दीड-दोन मीटर जाड होतो, पण हे कणे दहा-वीस मीटर सहज जातात आणि काही त्याहूनही खोल असतात. सोनारच्या पडद्यावर असा कणा घन वस्तूसारखाच उमटतो. म्हणून बर्फाखाली लपलेली पाणबुडी शोधणे फार अवघड मानले जाते. खऱ्या लक्ष्याभोवती खोट्या प्रतिध्वनींची गर्दी असते.

मात्र याच प्रतिध्वनीने माणसाला बर्फाचे ज्ञानही दिले. टायटॅनिक बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १९१४ मध्ये, रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात एका हिमनगावरून आवाजाचा प्रतिध्वनी मिळवून दाखवला. ऑगस्ट १९५८ मध्ये 'नॉटिलस' ही अणुपाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. वॉल्डो लायन या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्यावर खाली पाहणारा नव्हे, तर वर पाहणारा खोलीमापक बसवून घेतला होता. आवाज वर पाठवायचा, बर्फाच्या तळावरून तो किती वेळात परततो हे मोजायचे, पाणबुडीची खोली दाबमापकावरून माहीत असतेच, आणि दोन्हींतला फरक म्हणजे पाण्यात बुडालेल्या बर्फाची जाडी. कल्पना साधीच आहे, पण उपग्रहांनी जाडी मोजायला सुरुवात करण्याच्या कित्येक दशके आधीची जाडीची नोंद आज जगाकडे आहे, ती याच पद्धतीमुळे.

पुढे शास्त्रज्ञांनी पाणबुड्यांच्या जुन्या नोंदींची नव्यांशी तुलना केली. १९५८ ते १९७६ या काळात उन्हाळा संपताना खोल आर्क्टिकमध्ये बर्फाचा बुडालेला भाग सरासरी ३.१ मीटर होता. १९९३ ते १९९७ मध्ये त्याच भागांत तो १.८ मीटर भरला. १९९९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मी तो बराच नंतर वाचला, आणि ज्या प्रतिध्वनीला आम्ही फक्त शत्रू शोधण्याचे साधन मानत होतो, त्याने एवढी मोठी गोष्ट सांगून ठेवली होती हे पाहून कितीतरी वेळ तो आकडा मनातून जाईना.

लादीवाला, भुसावळ

सर, सोनारवाले नाना, दोघांचेही मनापासून आभार. यार्डातल्या शिटीचे उदाहरण वाचून मुलगी लगेच म्हणाली की तिला सगळे दिसले. काल रात्री आम्ही कागदावर तरंगांच्या उड्या काढत बसलो होतो.

सरांनी बर्फाचे दोन वेग सांगितले, ते काचेसारख्या स्वच्छ बर्फाला लागू होतील असे वाटते. पण आमच्या लादीचा पांढरा गाभा हाताला वेगळा लागतो, टोच्या मारला तर वेगळा फुटतो. समुद्राचा बर्फ यांपैकी कोणासारखा? आणि हौदातली तडतड नेमकी कसली, हा माझा मूळ प्रश्न अजून बाकी आहे.

तोरणमाळची, सध्या गोवा

मी मूळची नंदुरबार जिल्ह्यातली, आता समुद्रशास्त्राचा अभ्यास करते. लादीवाले दादांनी पांढऱ्या गाभ्याचा उल्लेख केला म्हणून लिहायला बसले, कारण सागरी बर्फाची निम्मी गोष्ट त्या गाभ्यात आहे.

पाणी गोठताना मीठ स्फटिकात सामावत नाही, बाहेर ढकलले जाते. तुमच्या कॅनमध्ये चारही बाजूंनी बर्फ येत असल्यामुळे क्षारांना मध्यभागीच गोळा व्हावे लागते. समुद्रात बर्फ वरून खाली वाढतो आणि खाली अख्खा समुद्र मोकळा असतो, त्यामुळे बरेचसे मीठ खाली निघून जाते. सगळे मात्र जात नाही. बर्फ खालच्या बाजूने एकसलग वाढण्याऐवजी पातळ पापुद्र्यांनी वाढतो. हे पापुद्रे एकमेकांपासून साधारण अर्धा-एक मिलिमीटर अंतरावर, उभे, पुस्तकाच्या पानांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये दाट खारे पाणी अडकते. पुढे तेच बारीक कप्पे आणि नळ्या बनून बर्फात राहते. म्हणून वाढत्या सागरी बर्फाचा सर्वांत खालचा काही सेंटिमीटरचा थर धड बर्फही नसतो आणि धड पाणीही नसतो. भिजलेल्या स्पंजासारखा तो बोटाने दाबता येतो.

अमळनेरच्या सरांनी दिलेला सातव्या-आठव्या भागाचा हिशेब स्वच्छ, टणक तळाचा आहे. प्रत्यक्षात त्या पापुद्र्यांच्या थरात वेग आणि घनता पाण्यापासून बर्फापर्यंत हळूहळू बदलत जातात, त्यामुळे वरच्या पट्टीतल्या आवाजाला परतण्याजोगी ठाम सीमाच मिळत नाही. तो आत शिरतो आणि त्या खाऱ्या कप्प्यांमध्ये जिरतो. घोगऱ्या आवाजाच्या दृष्टीने हा थर इतका पातळ आहे की त्याचे अस्तित्वच नसल्यासारखे. दादांच्या मूळ प्रश्नाला, म्हणजे बर्फ आवाज अडवतो, परत पाठवतो की गिळतो याला, माझे उत्तर असे की तो तिन्ही करतो, आणि कोणत्या वेळी काय करील हे आवाजाची पट्टी, त्याचा कोन आणि बर्फाचे वय यांवर ठरते.

सरांच्या एका विधानाला मात्र पुरवणी जोडायला हवी. पाण्यात कुठेही आवाज झाला तरी तो बर्फापर्यंत येतो, हे जुन्या आर्क्टिकचे वर्णन आहे. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात पॅसिफिकचे उन्हाळी पाणी बेरिंग सामुद्रधुनीतून येऊन बर्फाखाली साधारण ५० ते ८० मीटरवर पसरते. या शतकात हा थर अधिक उबदार आणि जाड झाला आहे. त्याच्या वर थंड पाणी, खाली पुन्हा थंड पाणी, आणि मग अटलांटिकचा उबदार थर. म्हणजे दोन उबदार थरांमध्ये, सुमारे १०० ते २०० मीटर खोलीच्या आसपास, कमी वेगाची एक पन्हाळ तयार झाली आहे. तिच्यात सोडलेला काही शे हर्ट्झचा आवाज बर्फाला न शिवता शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. पाणी बदलले की ऐकण्याचे नियम बदलतात, हे इतक्या थोड्या वर्षांत पाहायला मिळाले आहे.

पाण्याची ही खूण उलट बाजूनेही वाचता येते. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिका आणि रशिया यांच्या शास्त्रज्ञांनी स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटसमूहाच्या उत्तरेकडील बर्फावरून १९.६ हर्ट्झचा आवाज पाण्यात सोडला आणि आर्क्टिक महासागर ओलांडून सुमारे २,६०० किलोमीटरवर, ब्यूफोर्ट समुद्रातल्या छावणीत तो ऐकला. त्याला तिथे पोहोचायला जवळपास अर्धा तास लागला. तरंगलांबी सत्तर मीटरच्या वर असल्यामुळे बर्फाच्या कण्यांनी त्याला थोडेच झिजवले, आणि तो किती वेळात आला यावरून वाटेतल्या पाण्याचे तापमान काढता आले. अटलांटिकचा थर पूर्वीच्या नोंदींपेक्षा उबदार झाल्याचे त्यातून दिसले. एका आवाजाने वाटेतल्या सगळ्या समुद्राचे तापमान एका दमात घेतले, असे म्हणता येईल.

आता तडतडीविषयी. माझ्या मते तुमच्या हौदात दोन वेगळे आवाज आहेत. मोठी तड ही ताणाची आहे. उणे आठ अंशांची लादी कोमट पाण्याजवळ आली की बाहेरचा थर आधी प्रसरण पावतो, आतला गाभा थंडच राहतो, आणि तो ताणला जाऊन तडकतो. ध्रुवाकडे हेच उलट्या दिशेने घडते. संध्याकाळी हवा झपाट्याने थंड झाली की बर्फाचा वरचा थर आकसतो, तळ मात्र समुद्रामुळे उणे १.८ अंशांवरच असतो, आणि वरच्या बाजूला हजारो बारीक भेगा पडतात. समुद्रात सोडलेल्या हायड्रोफोनमध्ये, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनमध्ये, अशा रात्री आवाज वाढलेला स्पष्ट दिसतो. बर्फावर हिमाचा जाड थर असेल तर तो गोधडीसारखे काम करतो आणि तडकणे कमी होते. वारा नाही, तापमान स्थिर आहे, बर्फ किनाऱ्याला घट्ट धरून आहे, अशा वेळी त्याखालचा समुद्र हा जगातल्या सर्वांत शांत समुद्रांपैकी एक असतो. खुल्या समुद्रात लाटा सतत फुटत असतात; इथे झाकण घातलेले असते.

दुसरा, बारीक आवाज बर्फात अडकलेल्या हवेचा. हिमनदीच्या बर्फात हिम दडपले जाताना अडकलेली हवा प्रचंड दाबाखाली असते, आणि तो बर्फ समुद्रात वितळताना प्रत्येक बुडबुडा फुटून बाहेर पडतो. ज्या खाड्यांत हिमनद्या समुद्राला मिळतात, तिथे या कोट्यवधी बुडबुड्यांचा एकत्रित आवाज इतका मोठा असतो की त्या खाड्या नैसर्गिकदृष्ट्या समुद्रातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागांमध्ये मोजल्या जातात. स्वालबार्डमधली कोंग्सफ्योर्डन ही अशीच हिमनद्यांची खाडी, आणि तिच्या काठावर न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी त्या खाडीत 'इंडआर्क' ही पाण्याखालची निरीक्षण-यंत्रणा सोडली, आणि पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे हायड्रोफोन लावून खाडीचा आवाज नोंदवला. तुमच्या मुलीला सांगा, की तिने पहारीने जे केले तेच काम आपल्या देशाची माणसे तिथे करत आहेत.

त्या पाण्यात राहणाऱ्यांनाही हे सगळे ठाऊक आहे. नर दाढीवाला सील वसंतात बर्फाखाली वरून खाली घसरत जाणारी एक लांब शीळ घालतो, कधी मिनिटभराहून अधिक, आणि ती कित्येक किलोमीटर जाते. बोहेड देवमासा बहुतेक घोगऱ्या आवाजात बोलतो. बर्फाच्या तळावरून परतणाऱ्या स्वतःच्याच आवाजावरून पुढे कणे आहेत की सपाट, पातळ बर्फ आहे हे तो ओळखत असावा, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. श्वास घेण्यासाठी त्याला तो पातळ बर्फ डोक्याने फोडावा लागतो, म्हणून हे ओळखणे त्याच्या जिवाशी निगडित आहे.

राहिला 'ब्लूप'. तो १९९७ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेच्या, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या हायड्रोफोनांवर उमटला. पुढे अंटार्क्टिकाजवळ बर्फाचे मोठे कडे तुटतानाचे आवाज नोंदले गेले तेव्हा त्यांची ठेवण तशीच निघाली. म्हणजे हा पातळ सागरी बर्फाचा नव्हे, तर शेकडो मीटर जाडीच्या बर्फाचा आवाज. तो इतका लांब कसा गेला, याचे उत्तर पुन्हा सरांच्या नियमात आहे. उबदार समुद्रात वरून खाली जाताना आधी थंडीमुळे वेग घटतो आणि मग दाबामुळे वाढतो. मध्ये, साधारण १,००० मीटर खोलीवर, किमान वेगाचा थर असतो आणि त्यात सापडलेला आवाज वरखाली वाकत, पृष्ठभागाला किंवा तळाला न लागता, महासागर ओलांडतो. ध्रुवाकडे जाताना हा थर हळूहळू वर येतो आणि बर्फापाशी थेट पृष्ठभागालाच मिळतो. म्हणून तिथे वर मोडलेल्या बर्फाचा आवाज आपोआप त्या थरात शिरतो आणि थर जसा खोल जाईल तसा त्याच्याबरोबर विषुववृत्ताकडे जातो. तुमच्या हौदात असा थर नाही, आणि भिंत चार पावलांवर आहे.

लादीवाला, भुसावळ

ताई, तुमचे लिहिणे मुलीने मोठ्याने वाचून दाखवले, पहारीच्या ओळीवर ती थांबली होती. आज पहाटे आम्ही दोघांनी कारखान्यात पडताळून पाहिले.

एकाच वेळी टाकीतून दोन कॅन काढले. एक नेहमीसारखा लगेच हौदात बुडवला. दुसरा अर्धा तास बाहेर सावलीत उभा ठेवला, पत्र्यावर पाणी सुटेपर्यंत, आणि मग बुडवला. पहार आळीपाळीने कानाला लावून मोजले. पहिल्या कॅनमधून पहिल्या दोन मिनिटांत एकतीस मोठ्या तडा ऐकू आल्या. दुसऱ्यातून चारच. जुने कामगार घाई नसेल तेव्हा लादी काही वेळ बाहेर ठेवायला का सांगत, हे मला आज समजले. लादी भेगाळली की गिऱ्हाईक घेत नाही, एवढेच कारण आजवर माहीत होते.

मग दुसरी लादी फोडून कडेचा स्वच्छ तुकडा आणि मधला पांढरा तुकडा, दोन्ही साधारण सारख्याच आकाराचे, वेगवेगळ्या बादल्यांत टाकले. स्वच्छ तुकड्याची बादली जवळजवळ गप्प होती. पांढऱ्या तुकड्याच्या बादलीतून फुटाणे भाजताना दूरवरून येतो तसा अगदी बारीक, न थांबणारा आवाज येत होता, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे वर येताना दिसत होते. तुकडा पूर्ण वितळेपर्यंत मुलगी पहार धरून बसली होती. तिला आता पहारीऐवजी पाण्यात सोडता येईल असा मायक्रोफोन घरी बनवायचा आहे. सोनारवाले नाना, त्यासाठी आवाज टिपणारी कोणती चकती घ्यावी आणि ती पाण्यापासून कशी बंदिस्त करावी, हे तुम्ही सांगू शकाल का?